वाटा वाळण्याचा हंगाम

फाल्गुन लागला की आमच्या घरासमोरून कापसाच्या शेवटच्या बैलबंड्या जाऊ लागतात. हा फरदडीचा माल. हंगाम उलटून गेल्यावर झाडावर जे चुकलंमाकलं बोंड फुटतं, ते खरवडून आणलेलं. धागा आखूड, काडीकचरा भरपूर. अमरावतीच्या बाजारातले दलाल त्याकडे बघतही नाहीत, नुसता हात खुपसतात आणि पुढे जातात. बंडी वळणावर वळली की बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकतात, आणि दुपारच्या वाऱ्यानं ते सुटून माझ्या ओसरीवर येतात. सून झाडू घेऊन पुटपुटते. या दिवसांत मला घरात बसवत नाही, एवढं खरं.

माझ्या वयाची माणसं जमली की कापसाच्या त्या जुन्या वर्षांच्या गोष्टी निघतात, आणि दरवर्षी त्या थोड्या फुगतात. कुणाच्या बैलांच्या शिंगांना चांदी मढवलेली, तर कुणाच्या बंडीच्या चाकालाच चांदीची धाव. मी ती सारी वर्षं याच मुलखात काढली, डोळेही तेव्हा चांगले होते, पण मला काही ते चाक दिसलं नाही. मला दिसल्या त्या उसवलेल्या गाद्या. अमेरिकेत लढाई पेटलेली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झालेला, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी असा काही मान आला की लोकांनी उशांतलाही कापूस काढून विकला. घरात कापसाच्या दोन खोल्या भरलेल्या आणि घरची माणसं घोंगडीवर झोपलेली, हे मी माझ्या बहिणीच्या घरी रोज पाहत होतो. घोंगडीवर झोपणाऱ्यांत मीही होतो.

मी मूळचा वलगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. चार बुकं शिकलो म्हणून सरकारनं मला मूर्तिजापूरच्या खालच्या अंगाला, सांगवी नावाच्या गावी मास्तर म्हणून पाठवलं. तिथंच माझी थोरली बहीण सरजा दिली होती. मी तिला बाई म्हणायचो. ती मला लहानपणी नावानं हाक मारायची, पण मला नोकरी लागल्यापासून तिनं ‘मास्तर’ धरलं होतं, आणि त्यात कौतुक किती नि चेष्टा किती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी राहायला तिच्याचकडे होतो.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे, त्या वर्षी माघापर्यंत तिचं घर छतापर्यंत कापसानं भरलं होतं. ठिणगी उडेल या भीतीनं चूल अंगणात आणली होती. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गंगारामनं, चिलीम ओढायला सुद्धा गावाबाहेर जायचा नेम केला होता. घरात शिरलं की ऊन खाल्लेल्या सरकीचा एक तेलकट, उबदार वास यायचा. बोलणं ऐकू यायचं नाही, भिंतींनी आवाज पिऊन टाकल्यासारखं व्हायचं. मांजर त्या ढिगात व्यालं आणि पिल्लांचा पत्ता पंधरा दिवस लागला नाही. मी दिवसातून वीस वेळा शिंकायचो. बाई म्हणायची, “शिंक, पन तोंड तिकडं कर. मालाले ओल लागते.”

आता पाण्याचं सांगितलं पाहिजे. सांगवी खारपाणात. पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, कसदार, कापूस म्हणाल तर सोन्यासारखा, पण विहीर खणा कुठंही, पाणी खारट. त्या पाण्यानं तहान भागत नाही आणि त्यात तुरीची डाळ शिजत नाही. चुलीवर तीन तास ठेवा, दाणा तसाच टणक. गावाबाहेर कोसभर अंतरावर, नाल्याच्या कडेला एका म्हाताऱ्याचं वावर होतं. त्यात एक बांधीव विहीर होती, आणि त्या सबंध पट्ट्यात तिचंच पाणी कसं कोण जाणे गोडं होतं. म्हातारा भला माणूस, कुणाला अडवत नसे. बाई रोज पहाटे उठून तिथून एक घागर आणायची. ती एक घागर पिण्याला आणि डाळीला. लग्न होऊन सांगवीला आल्यापासून एक दिवस तिनं ती वाट चुकवली नव्हती, बाळंतपणाचे दिवस सोडून.

त्या म्हाताऱ्याला मूलबाळ एक लेकच, ती मूर्तिजापूरला दिलेली. त्याला आता तिच्याकडे जाऊन राहायचं होतं आणि वावर विकायचं होतं. बाईच्या मनानं ते घेतलं. वावर नको, तिला विहीर हवी होती. आमच्या घरची माणसं मोठ्या गोष्टी मागत नाहीत, म्हणून एखादी गोष्ट मागितली की ती फार जड होऊन बसते. “सारं नोको,” ती म्हणायची, “विहिरीचा कोपरा तेवढा भेटला तं बस हाय. बाकी कोनी का घेईना.”

भाऊजींना मात्र सारं वावर हवं होतं, एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. आणि त्यांना थांबण्याचं बळ देणारा माणूस आमच्या अंगणात रोज येऊन बसत होता.

ते दफेदार. नाव दौलतराव, पण गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. एका जुन्या रिसाल्यात तीस वर्षं घोड्यावर काढलेली, एक गुडघा कायमचा वाकलेला, मिशा अजून काळ्या. रिसाला मोडला तेव्हा सांगवीला येऊन शेती करू लागले. शेतीत त्यांना फारशी गती नव्हती. पेरणीचा दिवस त्यांना त्यांची बायको सांगायची. पण लढाई निघाली की ते बसल्या जागी चार अंगुळं उंच व्हायचे. आणि त्या वर्षी तर अख्खं वऱ्हाड लढाईच्या बातमीवर जगत होतं. लढाई चालू म्हणजे भाव चढा. लढाई मिटली की तिकडचा कापूस सुटणार आणि आमचा पडणार. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून प्रश्न एकच होता: लढाई अजून किती चालेल?

अकोल्याच्या एका अडत्याकडून मला मुंबईचं वर्तमानपत्र मिळायचं. त्याचं वाचून झालं की तो कापूस न्यायला येणाऱ्या बंडीवाल्याबरोबर पाठवायचा. बातमी समुद्रावरून मुंबईला, मुंबईहून अकोल्याला, तिथून आमच्या अंगणात येईपर्यंत दीड-दोन महिने उलटलेले. पण आम्ही ती ताजी भाकरी खावी तशी खायचो. शाळा सुटली की मी अंगणात बाजेवर बसून वाचायचो, दहा-बारा माणसं खाली बसलेली, आणि बाई चुलीशी. नावं भलतीच, माझी जीभ अडखळायची. शेवटी दफेदारांनीच तोडगा काढला. माझ्या शाळेच्या नकाशात जे वर होते ते ‘वरचे’ आणि जे खाली होते ते ‘खालचे’. कापूस खालच्यांचा. फौज मोठी वरच्यांची. बस्स, एवढ्यावर आमचं भागत होतं.

मी वाचून थांबलो की दफेदार जमिनीवर लढाई मांडायचे. दावं टाकून नदी करायचे. तीन गोवऱ्या एकावर एक, ते खालच्यांचं मोठं शहर. त्याच्याभोवती सरकीचे दाणे, ती वरच्यांची फौज. आदल्या आषाढापासून हा वेढा पडलेला होता. वरचे खंदक खणत होते आणि खालचेही खंदक खणत होते, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसले होते. भाऊजींना हे विचित्र वाटायचं. “इतकी फौज हाय तं मारत काहून नाई?” दफेदार हसायचे. “गंगाराम, लडाई म्हंजे मारनं वाटते तुले? तीस वर्सात मी तलवार चालवली असन चार-पाच डाव. बाकी सारी लडाई म्हंजे वाट पाहनं. कोन जास्त वाट पाह्यते, तो जिकते.”

मला हे बोलणं तेव्हा फार आवडायचं आणि आजही त्यात काही खोट दिसत नाही. त्यांनी आम्हाला एक हंगामच शिकवला. पेरणीचा असतो तसा लढाईचा. पावसाळ्यात फौज हलत नाही. आमच्या काळ्या मातीत बंडीचं चाक आखापर्यंत रुततं, तिथं तोफ कशी निघणार? नद्या भरलेल्या, दारू ओली. मग दसरा येतो. वाटा वाळतात, नद्या उतरतात, रानात गवत गुडघाभर, ज्वारी उभी राहते, म्हणजे घोड्यालाही चारा आणि शिपायालाही दाणा. म्हणून सीमोल्लंघन दसऱ्याला. ते काही नुसतं सोनं लुटणं नाही. फौज निघते ती पाच महिने हिंडते आणि शिमग्याला घरी येते, कारण त्यानंतर गवत जळून जातं, विहिरी आटतात, आणि उन्हात घोडं मरतं. “चैत-वैशाखात चढाई करन तो सरदार नाई, तो येडा,” दफेदार म्हणायचे. आणि कुठल्याही पुस्तकातून ते हे शिकले नव्हते. त्यांच्या मांडीखाली दोन घोडी तहानेनं मेली होती.

आता रेल्वे आहे, तार आहे. सकाळी मुंबईत काय झालं ते संध्याकाळी अमरावतीत कळतं. तरी मी पाहतो, माणसं तशीच बाजारात उकिडवी बसून अंदाज बांधतात, आणि अंदाज बांधताना प्रत्येकजण आपल्याच वावराचा धुरा धरून चालतो. दूरच्या गोष्टीला मापायला माणसाजवळ घरातलंच माप असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती मी आता सांगणारच आहे.

पौषात एक बातमी आली आणि दफेदार गावाचे जवळजवळ देव झाले. वरच्यांची एक वेगळी फौज, वेढ्यातली नव्हे, दुसरीच, डोंगराकडून निघाली होती आणि मुलूख तुडवत थेट समुद्राला जाऊन भिडली होती. कधी निघाली? मी तारीख पाहून बोटांवर तिथी मोजली. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले तेव्हा. मी हे मोठ्यानं सांगितलं आणि दफेदार वाकड्या गुडघ्यानिशी उठून उभे राहिले. “पाहा! काय म्हनत व्हतो मी? दसरा झाला, दिवाळी केली अन् निंगाले! फौज कोन्याही मुलखाची असो, तिले दसरा चुकत नाई!” लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, तिकडंही आपट्याची पानं असतील काय? सगळे हसले. पण विश्वास बसला तो बसला. माझाही बसला.

आणि त्याच्या पुढच्याच खेपेला तो मजकूर आला. मोठा नव्हता, पानाच्या तळाशी चार ओळी. वेढा घातलेली मोठी फौज थंडीमुळे आणि बर्फामुळे छावणीत बसून आहे, आणि बर्फ वितळून वाटा वाळल्या की तिची हालचाल होईल, असा त्याचा आशय. मी वाचत होतो. अंगण भरलेलं होतं. आधीच्या एका खेपेला मी बर्फ म्हणजे काय ते समजावायला गेलो होतो. आभाळातून पांढरा भुगा पडतो आणि गुडघाभर साचतो, असं म्हणालो तर एकजण म्हणाला होता, “मास्तर, तुमच्या डोक्यात कापूस गेला.” महिनाभर ते मला ऐकावं लागलं होतं. आता मी त्या शब्दाशी आलो, डोळ्यांनी तो वाचला, आणि ओलांडला. तोंडानं एवढंच म्हणालो की मोठी फौज छावणीत आहे, वाटा वाळल्या की निघेल.

“वाटा वाळल्या की!” दफेदारांनी मांडीवर थाप मारली. “म्हंजे दसरा. आता लिहूनच आलं, लेको. हा उन्हाया गेला, तो पावसाया गेला, पुढच्या दसऱ्यापावतर चिंता नाई.”

मला थांबवता आलं असतं. मी मास्तर होतो. ऋतू पृथ्वीवर सगळीकडे सारखे नसतात हे मी स्वतः पोरांकडून घोकून घेत होतो. पण खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांसमोर तेव्हा आमचीच काळी वाट होती, चिखलाची, आणि ती दसऱ्यालाच वाळते. बर्फ गाळला तसा माझ्या मनातूनही तो गळून गेला. हसू होऊ नये म्हणून गिळलेला एक शब्द. एवढीच माझी कामगिरी.

माघात अकोल्याचा खरेदीदार आला. बाहेर बंड्या उभ्या. तो देत होता तेवढ्यात विहिरीचा कोपरा येत होता, घरातला सगळा कापूस गेला असता आणि चूल पुन्हा घरात आली असती. बाईनं त्या दिवशी माझ्यादेखत नवऱ्याशी तोंड उघडलं, जे ती सहसा करत नसे. “देऊन टाका जी. कोपरा घेऊ. मले रोजचं कोसभर जानं-येनं होत नाई आता.”

“कोपरा घेऊन काय करतं?” भाऊजी म्हणाले. “भाव अजून चढन. दसऱ्याले वावर घेऊ, साऱ्याचं सारं. लडाई कुठी चालली पळून? इचार तुह्याच भावाले. वाचलं ना त्यानं परवा?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हलवली म्हणजे हो म्हणालो. खरेदीदार दुसऱ्या घरी गेला.

मग शिमगा आला. त्या वर्षीचा फाल्गुन मी विसरू शकत नाही. पळस इतका पेटला होता की नाल्याच्या पलीकडे बघवत नव्हतं. रानात हिरवं काही उरलं नाही. दफेदारांच्या म्हणण्याप्रमाणे लढाईचा हंगाम संपला होता. सगळीकडच्या फौजा छावणीत परतल्या असणार, घोडी बांधली असणार, शिपाई झाडाखाली झोपले असणार. गावात कसं सैल वाटत होतं. मध्येच तहाच्या बोलण्यांची एक उडती बातमी आली आणि भाव दोन दिवस डचमळला, पण दफेदार म्हणाले, तह करायचा असता तर एवढे खंदक कुणी खणले असते? आणि भाव पुन्हा सावरला. लोक अंगणात यायचे, पण लढाईपेक्षा लग्नांचं बोलायचे. पाडव्याला दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या. भाऊजींनी बायकोला हिरवं लुगडं आणलं. मी पोरांच्या परीक्षा घेतल्या. कडुनिंबाचा मोहर गळून ओसरीवर पडायचा आणि खोल्यांतला कापूस गपचूप बसून होता.

आमच्या गुढ्या उभ्या होत्या, नेमक्या त्याच दिवसांत तिकडं सूर्य वर आला होता, बर्फ पाणी होऊन वाहून गेलं होतं, वाटा वाळल्या होत्या, कोवळं गवत फुटलं होतं. घोड्याला चारा झाला होता. दफेदारांचं सगळं शास्त्र अक्षरन्‌अक्षर खरं होतं, फक्त तिकडचा दसरा चैत्रात येत होता. वरच्या फौजेनं नऊ महिने वाट पाहिली होती आणि वाट वाळल्याबरोबर ती उठली. गोवऱ्यांचं ते शहर पडलं. आठवड्याभरात खालच्यांचा मोठा सेनापती शरण आला. आम्हाला हे कळलं वैशाख संपता संपता.

बातमी वर्तमानपत्राआधी बाजारभावाच्या पायांनी आली. मूर्तिजापूरच्या बाजारातून माणसं भरल्या बंड्या तशाच परत घेऊन आली. दोन दिवसांनी माझं वर्तमानपत्र आलं. त्या दिवशी अंगणात फक्त दफेदार आणि भाऊजी होते. मी वाचून दाखवलं. दफेदारांनी तारीख पुन्हा विचारली. मी पुन्हा सांगितली.

“चैतात?” ते म्हणाले. “भर चैतात चढाई?”

मग मी त्यांना बर्फाचं सांगितलं. सगळं सांगितलं, पौषातल्या त्या चार ओळींसकट. त्यांनी जमिनीवरचं नदीचं दावं उचलून गुंडाळलं. मला वाटलं आता ते मला शिव्या देतील, आणि त्यांनी त्या द्याव्यात असंच मला झालं होतं. पण ते भाऊजींकडे वळले. “गंगाराम, चूक माही हाय. मले समजाले पायजे व्हतं. जे रान पायाखाली घातलं नाई, त्याचा अंदाज सांगू नये. इतकं तं रिसाल्यातलं पोरगंही सांगते.” मग माझ्या खांद्याला धरून उठले आणि हळूच म्हणाले, “मास्तर, हासू द्या लोकायले. वाचलेलं पुरं सांगत जा.” त्या दिवसानंतर ते अंगणात बसायला आले नाहीत. रस्त्यात भेटले की पिकापाण्याचं बोलायचे.

कापूस ज्येष्ठात गेला, मातीमोलानं. खोल्या रिकाम्या झाल्या, भिंतींना आवाज परत आला, आणि घरात आपलंच बोलणं आपल्याला मोठं वाटू लागलं. विहिरीचा कोपरा तर राहोच, त्यात धुऱ्यावरची बाभूळ आली नसती. म्हाताऱ्यानं भाऊजींसाठी शक्य तितकी वाट पाहिली होती. शेवटी वावर शेजारच्या गावच्या एकानं घेतलं, ज्यानं आपला कापूस माघातच देऊन टाकला होता. नव्या मालकानं पहिल्या आठवड्यात विहिरीला बोराटीचं काटेरी कुंपण घातलं. त्याचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्याचे बैल, त्याची विहीर. पण आता बाईला गोड्या पाण्यासाठी पूर्णेच्या पात्रात जावं लागणार होतं, रेतीत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायला. आधीचा कोस, वर आणखी अर्धा.

एके दिवशी उजाडता उजाडता मी तिच्या मागोमाग निघालो. म्हटलं, घागर आज मी आणतो. ती नको म्हणाली नाही, पण घागरही दिली नाही. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. तो शब्द मी वाचला होता. तो मी गाळला. का गाळला तेही. माघात तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी मान हलवली, त्या मानेचंही सांगितलं. ती चालत होती. काटेरी कुंपणाजवळून गेलो तेव्हा तिनं आत पाहिलंसुद्धा नाही.

कुंपण मागं पडल्यावर ती म्हणाली, “वर्सभर तुमी अंगनात बसून बोलत व्हते. फौज कुठी हाय, कवा निंगन, कोनतं शहर पडन. मी चुलीपासून सारं आयकत व्हती. एक गोठ मातर कोनीच नाई काढली.”

“कोनती?”

“ते भांडत कायसाठी व्हते?”

मी थांबलो. मला ठाऊक होतं. वर्तमानपत्रात ते कितीदा येऊन गेलं होतं आणि मी ते वाचतही होतो. पण अंगणात ते कुणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. कापसाच्या भावाशी त्याचा संबंध नव्हता, किंवा आम्हाला तसं वाटत होतं. मी तिला सांगितलं. म्हटलं, बाई, तिकडं कापूस वेचायला मजूर नसतात. माणसं विकत घेतलेली असतात, बाजारातून, बैलासारखी. पुरुष एकाकडे, त्याची बायको दुसऱ्याकडे, लेकरू तिसऱ्याकडे. वरच्यांना ते मोडायचं होतं, खालच्यांना ते ठेवायचं होतं. माझ्या समजुतीप्रमाणे भांडण हे होतं.

“बायाबी?” तिनं विचारलं. “वेचाले बायाबी?”

“हो. पोरंबी.”

“अन् आता?”

“आता खालचे हारले. सोडतीन त्यायले. पेपरात तसंच आलं हाय.”

तिनं घागर धुऱ्यावर टेकवली. तिच्या बोटांच्या पेरांवर बोंडांच्या टोकांनी ओरखडलेल्या रेघा अजून होत्या. सहा महिने झाले तरी त्या पुरत्या जात नाहीत. ती नदीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं ती आता विहिरीचं काही बोलेल.

“किती वर्सं चालली म्हनला ही लडाई?”

“चार.”

“आपल्याले वाटलं, लवकर सरली,” ती म्हणाली, आणि घागर उचलून कमरेवर घेतली. “त्या बायायले इचारशीन तं म्हनतीन, लय उशीर केला.”